मुंबईत रोज सायकलने कामावर: रस्ता, धोके आणि खिशाला झेपणारं सामान

कामावर सायकलने जायचं मनात आलं की माणूस आधी दुकानात जातो. गिअरची घेऊ की बिनगिअरची, डिस्क ब्रेक हवेत का, पंधरा हजारांत चांगली येईल का. हे सगळं नंतर. आधी रस्ता ठरवा, मग तो चालवायची रीत शिका, आणि शेवटी सायकल घ्या. रस्ता कळला की सायकल निम्मी आपोआप ठरते, आणि बहुतेक वेळा मनात धरली होती त्यापेक्षा स्वस्त निघते.

हा लेख पाच ते बारा किलोमीटरच्या एकेरी अंतरासाठी आहे. घाटकोपर ते पवई, दादर ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), बोरिवली ते गोरेगाव, मुलुंड ते विक्रोळी अशी अंतरं डोळ्यांपुढे ठेवा. विरारहून चर्चगेटपर्यंत सायकल हाकणारेही आहेत, पण त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. सिग्नल, गर्दी, खड्डे धरून आरामात चालवली तर ताशी बारा ते पंधरा किलोमीटर पडतात. आठ किलोमीटरला चाळीस मिनिटं धरून चाला. हीच चाळीस मिनिटं सोमवारी आणि शुक्रवारीही चाळीसच राहतात, आणि रिक्षा किंवा गाडीच्या बाबतीत हे सांगता येत नाही.

पायरी पहिली: रस्ता

कुठे जाता येत नाही ते आधी बघून घ्या. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू यांवर मोटरसायकललासुद्धा बंदी आहे, तेव्हा आपली बातच सोडा. जे. जे. उड्डाणपुलावरही दुचाकी चालत नाहीत. त्याच्या खालून मोहम्मद अली रोडनेच जायचं. मोबाईलवरच्या नकाशात गाडीचा नाही, दुचाकीचा पर्याय निवडून सुरुवात करा आणि त्यात आपली भर घाला.

मुंबईत उत्तर-दक्षिण जाणं फारसं अवघड नसतं. खरी अडचण येते ती रेल्वेलाइन ओलांडताना. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायच्या जागा मोजक्या, त्यामुळे सगळी वाहनं तिथेच येऊन कोंबली जातात. शीवचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये आणि प्रभादेवीचा सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा दादरच्या टिळक पुलावर जी गर्दी उसळली ती तिथून जाणाऱ्यांनी पाहिलेली आहे. म्हणून रस्ता आखताना आधी 'मी लाइन कुठे ओलांडणार?' हे ठरवा आणि बाकीचा रस्ता त्याच्या दोन बाजूंना जोडा. पुलावर फारच गर्दी असेल तर उतरून फुटपाथवरून ढकलत न्या. त्यात कमीपणा नाही, दोन मिनिटं जातात.

जवळचा रस्ता आणि चांगला रस्ता क्वचितच एक असतात. महामार्गाच्या मुख्य पट्ट्यात शिरू नका. पूर्व असो वा पश्चिम, द्रुतगती महामार्गाला बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस रोड आहे, तो धरा. दादरहून शीवकडे निघालात तर आंबेडकर रोडऐवजी पाच उद्यान आणि माटुंग्याच्या आतल्या गल्ल्यांतून जाता येतं: झाडांची सावली, कमी वेगाची वाहनं, अंतरात थोडीशीच वाढ. एस. व्ही. रोडला लोक नाकं मुरडतात, पण तिथली वाहनं मुळातच रांगत असतात, आणि रांगणारं वाहन सायकलवाल्याला क्वचितच मोठी इजा करतं. रिकामा, रुंद, सुसाट रस्ता दिसायला छान असतो, मात्र धडक बसली तर ती तिथे जोराची बसते. गोरेगाव-पवईवाल्यांना आरेचा रस्ता मोहात पाडतो. दिवसा जरूर जा. अंधारात तो बिबट्यांचा इलाका आहे, हे आरेतल्या पाड्यांवर राहणारे लोक जास्त चांगलं सांगतील.

रस्ता कागदावर ठरला की रविवारी सकाळी एकदा चालवून बघा. त्याने फक्त वळणं आणि चढ कळतील. मग एखाद्या कामाच्या दिवशी, नेमक्या निघण्याच्या वेळेला, तोच रस्ता बस किंवा रिक्षातून बघा. शाळा सुटायची वेळ, बाजाराचा नाका, दुहेरी पार्किंग, मेट्रोच्या कामाचे पत्रे हे सगळं तेव्हाच दिसतं. वाटेत पंक्चर काढणारे कुठे बसतात, सार्वजनिक शौचालय कुठे आहे, रात्री कुठल्या पट्ट्यात दिवे नसतात, तेही टिपून ठेवा. परतीचा रस्ता वेगळा निघू शकतो. सकाळी मोकळी असलेली गल्ली संध्याकाळी भाजीवाल्यांनी भरलेली असते.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेकडच्या ऑफिसातून संध्याकाळी उपनगराकडे निघालेल्याला तो तोंडावर येतो. जाताना पस्तीस मिनिटं लागली म्हणून येतानाही तेवढीच लागतील असं धरू नका.

सायकल ट्रॅकची वाट बघत बसू नका. बीकेसीत तो बांधला गेला आणि वर्षानुवर्षं त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. पवई तलावाकाठचा ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, आणि तलावाचा विचार करता ते बरंच झालं. आपल्याला सगळ्यांच्याच रस्त्यावर चालवायचं आहे, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

अंतर जास्त असेल तर जोडप्रवास करा. लोकलच्या गर्दीत उभी सायकल नेणं विसरा. घडीची सायकल पिशवीत घालून, गर्दीच्या वेळा टाळून नेणारे काही जण आहेत. मेट्रो २अ आणि ७ वर सायकल नेण्याची मुभा दिलेली आहे. तरी साडेनऊला अंधेरीत ती घेऊन चढायचं धाडस करू नका. सोपा मार्ग म्हणजे घरापासून स्टेशनपर्यंत एक जुनाट, स्वस्त सायकल, आणि पुढे ट्रेन.

पायरी दुसरी: रस्त्यावर जागा घ्या

नवा सायकलवाला घाबरून रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटतो. मुंबईत सगळ्यात धोकादायक जागा तीच. काँक्रीटचा रस्ता संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे दोन बोटांची पायरी असते. पुढचं चाक तिला समांतर घासलं की माणूस आडवा. तिथेच गटाराच्या जाळ्या असतात, आणि त्यांच्या फटी प्रवासाच्या दिशेने असल्या तर बारीक चाक आत बसतं. तिथेच वाळू, काचा, उलट दिशेने येणारे स्कूटरवाले आणि फुटपाथवरून पाठमोरा खाली उतरणारा माणूस. शिवाय कडेला गेलात की मागचा गाडीवाला 'आहे की जागा' म्हणून घासून पुढे काढतो.

कडेपासून हातभर नाही, चांगला एक मीटर आत चालवा. उभ्या गाड्यांच्या बाजूने जाताना एका उघड्या दाराएवढी जागा सोडा. गल्ली इतकी अरुंद असेल की गाडी सुरक्षितपणे ओलांडूच शकत नाही, तर मधोमध चालवा आणि जागा मिळाली की बाजूला होऊन तिला पुढे जाऊ द्या. मागून हॉर्न वाजेल. वाजू द्या. हॉर्न मारणाऱ्याला तुम्ही दिसलेले असता. भीती न वाजवणाऱ्याची.

हे नीट बघायचं असेल तर दूधवाले, पाववाले आणि डबेवाले कसे चालवतात ते बघा. हँडलला दोन्हीकडे ओझं, मागे क्रेट, तरी त्यांची रेघ सरळ असते. ते खड्डा चुकवायला ऐनवेळी झोकांडी खात नाहीत. दहा मीटर आधीच हळूहळू सरकतात. मागच्याला तुम्ही पुढे काय करणार ते कळलं पाहिजे, सगळं कौशल्य त्यात आलं. त्यासाठी एक गोष्ट सोसायटीच्या आवारात घटवून घ्या: सायकल सरळ ठेवून उजव्या खांद्यावरून मागे बघणं. सुरुवातीला मान वळली की हँडलही वळतं. ते थांबेपर्यंत मोठ्या रस्त्यावर जाऊ नका. वळताना हात दाखवा, आणि नुसता हात दाखवून भागलं असं समजू नका. मागच्या ड्रायव्हरशी नजर मिळाली तर मोकळेपणाने वळा.

आता एकेक धोका.

रिक्षा. प्रवाशाने हात केला की ती कुठल्याही पट्ट्यातून डावीकडे येते. रिकामी रिक्षा रेंगाळत चालली असेल आणि ड्रायव्हर फुटपाथकडे बघत असेल तर तिच्या डावीकडून कधीच जाऊ नका. 'भाऊ, येतोय' अशी आरोळी घंटीपेक्षा जास्त कामाला येते.

टॅक्सी आणि ॲपवरच्या गाड्या. सिग्नलला थांबल्या की प्रवासी डावं दार उघडून उतरतात. थांबलेल्या रांगेच्या डावीकडून पुढे सरकताना चालण्याच्या वेगाने सरका आणि बोटं ब्रेकवर ठेवा. मागच्या काचेतून डोकं हललेलं दिसलं किंवा आतला दिवा लागला की थांबा.

बेस्टची बस. स्टॉपवर उभ्या बसच्या डावीकडून घुसायचं नाही, तिथे माणसं उतरत असतात. उजवीकडून जाताना तिचा इंडिकेटर बघा. निघायच्या बेतात असेल तर मागे थांबलेलं बरं. ताफ्यात आता विजेवर चालणाऱ्या बस बऱ्याच आहेत आणि त्या मागून जवळजवळ आवाज न करता येतात. म्हणून कानात इअरफोन नको आणि मागे बघायची सवय हवी. आवाजाच्या भरवशावर राहायचे दिवस गेले.

डंपर, टँकर, काँक्रीट मिक्सर. जिवावर बेतणारा प्रसंग बहुधा यांच्याबरोबर येतो, आणि तो डाव्या वळणावर. ड्रायव्हर उंच बसलेला, डाव्या पुढच्या चाकापाशी काय आहे ते त्याला दिसत नाही. तुम्ही सिग्नलला त्याच्या डावीकडे उभे, दिवा हिरवा होतो, तो वळतो, मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. उपाय एकच: अवजड गाडीच्या बाजूला उभं राहायचं नाही. पूर्ण मागे राहा, नाहीतर इतकं पुढे जा की काचेतून तिच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. सगळीकडे काँक्रीटीकरण आणि बांधकामं चालू असल्याने ही वाहनं आता निवासी गल्ल्यांतही येतात.

उड्डाणपुलाचं तोंड. तुम्ही खालून सरळ जाणार, गाड्या तुम्हाला छेदून पुलावर चढणार, पलीकडे त्या वेगात खाली उतरून पुन्हा डावीकडे येणार. दोन्ही टोकांना शंभर मीटर आधीपासून मागे बघत जा आणि गाड्यांच्या लोंढ्यात खंड पडल्यावर ओलांडा. पुलावरूनच जात असाल तर सांध्यांच्या लोखंडी पट्ट्या चाकाला काटकोनात घ्या.

हाच काटकोनाचा नियम शिवडी, वडाळा, माझगावकडच्या बंदराच्या रस्त्यांवरील जुन्या रुळांना, खोदकामावर टाकलेल्या पोलादी प्लेटांना आणि काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांबट भेगेला लागू. ओल्या प्लेटवर ब्रेकही नको, वळणंही नको. आधी वेग कमी करायचा आणि सरळ निघून जायचं.

भटकी कुत्री पहाटे आणि रात्री मागे लागतात. पळालात की त्यांना चेव येतो. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे जा. संक्रांतीच्या आसपास मांजा: नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो पुलांवर आणि मैदानांशेजारी आडवा लोंबकळतो आणि गळा चिरतो. जानेवारीत गळ्याभोवती जाडसर रुमाल किंवा बफ ठेवा आणि वेग आवरा.

पायरी तिसरी: सायकल

बाजारात सगळीकडे दिसणारी सायकल म्हणजे जाड टायर, पुढे-मागे स्प्रिंग, एकवीस गिअर, भडक स्टिकर. रोजच्या कामासाठी ती घेऊ नका. स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन. पॅडल मारलेली काही ताकद स्प्रिंग खाते आणि दोन पावसाळ्यांत ती गंजून अडकते. खड्ड्यांचा त्रास कमी करायला रुंद टायर आणि योग्य हवा पुरते.

मग काय घ्यायचं? साधी दांड्याची किंवा लेडीज फ्रेमची, एकाच गिअरची लोखंडी सायकल अजूनही सहा ते आठ हजारांच्या आसपास मिळते. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी सगळं तिच्याबरोबरच येतं. मुंबई बरीचशी सपाट आहे. पूल आणि पवई, मलबार हिल, अँटॉप हिल असे काही चढ सोडले तर एक गिअर पुरतो. चोराला तिच्यात रस कमी, आणि दुरुस्ती कुठल्याही नाक्यावर होते. सहा-सात किलोमीटरच्या आतल्या सपाट प्रवासाला मी हीच सांगेन. साडी, सलवार किंवा सैल पँट घालून जाणाऱ्यांना तर चेनकव्हर असलेल्या सायकलीसारखी सोय नाही. ओढणी मात्र कमरेला बांधून टाका.

अंतर जास्त असेल किंवा वाटेत चढ असेल तर हायब्रिड: सरळ हँडल, स्प्रिंग नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), मागे सात-आठ गिअर. साधारण बारा ते वीस हजार. पुढे एकच दातेरी चकती असली तर उत्तम, बिघडायला भाग कमी. वळलेल्या हँडलची रोड सायकल शनिवार-रविवारच्या फेरीला ठीक आहे. तिचे बारीक टायर इथल्या जाळ्यांत आणि भेगांत अडकतात.

टायरची रुंदी बाजूवर छापलेली असते. ७०० मापाच्या चाकाला ३२ ते ३८ मिलिमीटर, २६ इंची चाकाला दीड ते पावणेदोन इंच, हे मुंबईला योग्य. हवा किती, तेही तिथेच छापलेलं असतं, सहसा किमान आणि कमाल. वजनदार माणसाने कमालीच्या जवळ भरावी, सडपातळ माणसाने मध्यावर.

आता व्हॉल्व्ह. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि पंक्चर झाल्यावर रडू येतं. देशी सायकलला छोट्या रबरी नळीचा जुना व्हॉल्व्ह असतो, बऱ्याच हायब्रिडना स्कूटरसारखा जाड, आणि महागड्यांना बारीक, टोकाला पेच असलेला, ज्याला प्रेस्टा म्हणतात. पहिले दोन रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे चालतात. प्रेस्टाला त्याचा पंप बसत नाही. तुमच्या सायकलला प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर विकत घ्या, तो थोड्याशा रुपयांत मिळतो आणि व्हॉल्व्हवरच लावून ठेवता येतो.

माप असं बघा: सायकलवर उभं राहिल्यावर दांडा आणि जांघ यांत दोन-तीन बोटं अंतर हवं. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. नवखे लोक सीट फार खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघ्यांना दोष देतात.

जुनी सायकल घ्यायला हरकत नाही. कितीतरी हायब्रिड सोसायट्यांच्या जिन्याखाली धूळ खात पडल्या आहेत आणि निम्म्या किमतीच्या खाली जातात. बघताना चाक उचलून फिरवा: ब्रेकच्या रबराजवळून ते डावी-उजवी डुलत असेल तर आउट आहे. थोडा आउट मेकॅनिक काढून देतो, रिम चेपलेली असेल तर नको. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, हाताने आडवा हलवा, खडखड वाजली तर बेअरिंग गेलं. फ्रेमच्या जोडांवर रंगाखाली भेग आहे का बघा. बिल मागा, बिल नसेल तर फ्रेम नंबरचा फोटो आणि विकणाऱ्याकडून लिहून घेतलेली चिठ्ठी तरी ठेवा. नवी घ्यायची तर काळबादेवीच्या सायकल बाजारात एक फेरी मारा. सुटे भाग, सीट, कॅरिअर तिथे उपनगरातल्या दुकानापेक्षा बरेचदा स्वस्त पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुनी किंमतपट्टी दाखवणाऱ्याला हे विचारा.

विजेच्या सायकलबद्दल थोडक्यात: मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. गुडघे कुरकुरत असतील किंवा ऑफिसात घाम चालत नसेल तर उत्तम. बॅटरी काढून घरात नेता येते का, हा पहिला प्रश्न विचारा.

पायरी चौथी: सामान, कशावर आधी खर्च करायचा त्या क्रमाने

समजा हातात पंधरा हजार आहेत. त्यातले दहा-अकरा सायकलला, बाकीचे याला.

मागचा लाल दिवा सगळ्यात आधी, हेल्मेटच्याही आधी. हेल्मेट धडक बसल्यावर कामाला येतं, दिवा ती बसूच देत नाही. चार्जिंगचा, लुकलुकणारा दिवा तीनशे ते सहाशेत येतो. तो सीटच्या दांड्याला लावा आणि मागे लटकणारी पिशवी किंवा शर्ट त्याला झाकत नाही ना ते बघा. पुढचा दिवा दोनशे-तीनशे ल्युमेनचा असला की अंधाऱ्या पट्ट्यातला खड्डा दिसतो. रोख खाली ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून परावर्तक टेप आणून मागच्या मडगार्डला, हेल्मेटला आणि क्रँकला चिकटवा. थोड्याच रुपयांचं काम, पण फिरणारी क्रँक चमकली की 'इथे सायकल आहे' हे दुरून कळतं.

हेल्मेट हजार-दीड हजारात चांगलं मिळतं. ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा सुरक्षा मानकाचा शिक्का आत बघा. भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक-दोन बोटं जागा. डोकं मागे ढकलून कपाळ उघडं टाकून घातलेलं हेल्मेट शोभेचं. एकदा जोरात आपटलं की आतला थर्मोकोल दबलेला असतो. बाहेरून ठीक दिसलं तरी बदला.

कुलुपावर कंजुषी नको. बारीक वायरचं नंबरचं कुलूप चांगल्या पक्कडीने क्षणात तुटतं. जाड साखळी किंवा यू आकाराचं कुलूप घ्या, आणि फ्रेम व मागचं चाक दोन्ही मिळून हलणार नाही अशा वस्तूला बांधा. पुढचं चाक झटक्यात निघणारं असेल तर त्यालाही साखळी. स्टेशनबाहेर दिवसभर ठेवायची तर जुनी, कुरूप सायकल बरी. ऑफिसात ठेवायची असेल तर सिक्युरिटीवाल्या काकांशी आधी बोलून घ्या. कॅमेऱ्यासमोरची जागा त्यांनाच माहीत असते.

मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत, अर्धे प्लास्टिकचे नकोत. कॅरिअर आणि हुकांची लवचिक दोरी हवी, कारण पाठीवर बॅग म्हणजे पाठभर घामाचा नकाशा. एक जादा ट्यूब, टायर रिमवरून काढायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर), छोटा पंप आणि षटकोनी चाव्यांचा संच. हे सगळं हजाराच्या आसपास. चष्मा साधाच, पण हवा: धूळ, चिलटं आणि बसमधून येणारी पिचकारी, तिन्हींसाठी. चिकटून बसणाऱ्या सायकलच्या चड्ड्या, खास बूट, मोबाईलचे होल्डर यातलं सुरुवातीला काही नको.

घामाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. वेग दोन किलोमीटरने कमी करा, बराच घाम तिथेच जातो. टीशर्टात जा, ऑफिसात पंख्याखाली दहा मिनिटं बसा, ओल्या रुमालाने अंग पुसा, मग शर्ट चढवा. इस्त्रीचे दोन शर्ट आणि बूट सोमवारी नेऊन ठेवले की आठवडा निघतो. ऑक्टोबरमध्ये मात्र लवकर निघण्याला पर्याय नाही.

पायरी पाचवी: पावसाळा

जून ते सप्टेंबर सायकल बंद ठेवायची गरज नाही, काही दिवस ठेवायची आहे. सकाळी दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याचा निचरा थांबतो. हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन आणि अंधेरी सबवे ही पाणी तुंबायची ठिकाणं सगळ्यांना पाठ आहेत. तुमच्या रस्त्यावरची छोटी हिंदमाता तुम्हीच शोधून ठेवा.

तळ दिसत नसलेल्या पाण्यात सायकल घालू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहरातल्या एका नामांकित डॉक्टरांचा जीव गेला, तोही पायी चालताना. विजेच्या खांबांना, होर्डिंगच्या पायांना हात लावू नका. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं आणि पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि वाट न बघता डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या.

रिमला धरणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या दाबाला पकडत नाहीत, आधी पाणी पुसतात, मग धरतात. म्हणून सिग्नल दिसल्यावर आधीच हलकेच दाबून रिम कोरडी करून घ्या. पहिल्या पावसाचे पहिले दोन दिवस रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्या, पेव्हर ब्लॉक आणि गटाराची झाकणं तेव्हा सगळ्यात निसरडी असतात. टायरची हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवा. पोंचो वाऱ्यात फुगतो आणि चाकात जातो. जाकीट आणि पँट वेगळी असलेला रेनकोट घ्या, तोही पिवळा किंवा केशरी. काळा रेनकोट पावसात अदृश्य होण्यासाठी फार गुणकारी आहे.

घरी आलं की चेन जुन्या बनियनने पुसायची आणि तेलाचे थेंब प्रत्येक कडीवर सोडायचे. शिलाई मशिनचं तेल चालतं, फक्त दर ओल्या फेरीनंतर द्यावं लागतं. ग्रीस नको, त्यात रेती बसते. गंज काढायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. मरीन ड्राइव्ह, वरळी, वर्सोव्याला खारा तुषार अंगावर घेणाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सायकल पुसावी, बारा महिने. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदलायचं, त्याला थोडेच रुपये पडतात. आठवड्यातून एकदा हवा, ब्रेक, चेन बघा. वर्षातून एकदा, गणपतीनंतर, मेकॅनिककडे पूर्ण ओव्हरहॉलिंग.

धडक झालीच तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा, भांडण नंतर. उठता येत नसेल तर हलू नका आणि जमलेल्यांना हलवू देऊ नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील अशी भीती लोकांना असते, ती २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने काढून टाकली आहे. हे तुम्ही कुणाला मदत करतानाही लक्षात असू द्या. गाडीचा नंबर, जागेचा फोटो आणि एखाद्या दुकानदाराचा फोन नंबर घ्या. लागलेलं किरकोळ वाटलं तरी डॉक्टरांकडून कागद करून ठेवा, कारण डोक्याचा मार काही तासांनी त्रास देतो.

तुमच्या सायकलचा विमा नसला तरी धडक देणाऱ्या गाडीचा कायद्याने असावा लागतो. जखमी सायकलस्वाराला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यातली नोंद लागते. गाडी पळून गेली तर केंद्राच्या योजनेत गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यालाही तीच नोंद लागते. तेव्हा 'जाऊ दे ना, लागलं नाही फारसं' म्हणणाऱ्या गाडीवाल्याशी रस्त्यावर हजार-दोन हजारांत मिटवण्याआधी नोंद करून घ्या. आणि सायकल पुन्हा चालवण्यापूर्वी फोर्क आणि फ्रेमचे जोड मेकॅनिककडून बघून घ्या; वाकलेला फोर्क सरळ करून देतो म्हणाला तर नको म्हणा, नवा बसवा.